बेळगाव-निपाणीहून हेग-जिनिव्हापर्यंत: आंतरराष्ट्रीय कायदा आणि विकासाच्या वाटेने राजनैतिक अधिकारी व्हायचे असेल तर

अथणी, रायबाग, चिकोडीच्या उसाला मिळणारा दर हा जिनिव्हातल्या एका खटल्याचा विषय होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार गुदरली. भारत एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवून ऊस उत्पादकांना संघटनेच्या शेती कराराच्या मर्यादेपलीकडे आधार देतो आणि साखरेच्या निर्यातीला अनुदानही देतो, असे त्यांचे म्हणणे होते. विकसनशील देशाला ही मर्यादा त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्के आहे. भारताने उत्तर दिले की एफआरपी सरकार ठरवत असले तरी पैसे कारखाना देतो, सरकारी तिजोरीतून एक रुपयाही जात नाही, मग हा सरकारी आधार कसा? तक्रार ऐकणाऱ्या पॅनेलने ते मानले नाही. १४ डिसेंबर २०२१ ला निकाल भारताविरुद्ध गेला. त्याच महिन्यात भारताने अपील केले, पण अपील मंडळावर सदस्यच नेमले न गेल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ बंद पडले होते. अपील तिथेच अडकले.

कारखाना बिल थकवतो, तेव्हा रस्त्यावर उतरणे आपल्याला चांगले जमते. पण त्याच उसाची बाजू जिनिव्हात मांडणाऱ्यांत, करारातले कलम लिहिताना टेबलापाशी बसणाऱ्यांत सीमाभागातली मुले असायला हवीत, असे मला मनापासून वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी या पट्ट्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा लेख आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो: पाया कायद्याचा धरा आणि अभ्यासाचा विषय घरचाच निवडा. परीक्षा, भाषा, शिष्यवृत्त्या या सगळ्याची मांडणी त्याभोवती होते.

आधी काम काय असते ते समजून घ्या

राजनैतिक अधिकारी म्हटले की सूटबूट, मेजवान्या आणि दिव्याची गाडी एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात बहुतेक वेळ वाचण्यात, लिहिण्यात आणि शब्दांवरून वाटाघाटी करण्यात जातो. कराराचा मसुदा तयार होत असताना ज्या शब्दांवर एकमत झालेले नसते ते चौकोनी कंसात ठेवतात. सुरुवातीला पानभर कंस असतात. मग दिवसरात्र बैठका होतात, एक देश एक कंस सोडतो, दुसरा देश त्या बदल्यात दुसरा सोडतो आणि शेवटी कंस नसलेला मजकूर उरतो. कोणता कंस कुठवर धरून ठेवायचा आणि कधी सोडायचा, हे ज्याला कळते तो चांगला अधिकारी. त्यासाठी आपल्या देशाचा कायदा, समोरच्याची अडचण आणि आपल्या शेतकऱ्याचे किंवा कामगाराचे हित, या तिन्हींची जाण लागते.

या क्षेत्रात शिरायला मुख्यतः तीन दारे आहेत. पहिले भारतीय विदेश सेवेचे, म्हणजे आयएफएसचे. दुसरे परराष्ट्र मंत्रालयाच्या कायदा व करार विभागाचे, जिथे आंतरराष्ट्रीय कायद्यात शिकलेले कायदा अधिकारी असतात. तिसरे संयुक्त राष्ट्रे आणि इतर आंतरराष्ट्रीय संस्थांचे. तिथे तुम्ही भारताचे प्रतिनिधी नसता, त्या संस्थेचे कर्मचारी असता.

पहिली दोन दारे एकमेकांना कशी जोडलेली आहेत ते कुलभूषण जाधव प्रकरणात दिसते. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावल्यावर भारताने ८ मे २०१७ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला आणि १८ मे रोजी स्थगितीचा आदेश मिळवला. आधार होता वाणिज्य दूत संबंधांवरच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६: परदेशात अटक झालेल्या माणसाला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटता आले पाहिजे. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला. पाकिस्तानने कलम मोडले आहे आणि शिक्षेचा फेरविचार केला पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. शिक्षा रद्द करून जाधवांना सोडा, ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. हरीश साळवे यांचा युक्तिवाद सर्वांनी ऐकला. पण दूतावासाने भेटीची परवानगी किती वेळा मागितली, कोणत्या तारखेला कोणते पत्र दिले, याची चोख नोंद विदेश सेवेतल्या आणि कायदा विभागातल्या माणसांनी ठेवली होती. तारीखवार पत्रांची ती फाईल नसती तर युक्तिवाद उभाच राहिला नसता. हा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पहिल्यांदा वाचायला आठवडा लागेल, तरी वाचाच.

पहिली पायरी: दहावी-बारावीनंतर कायदा

बहुतेक मार्गदर्शक सांगतात की कोणतीही पदवी चालते. यूपीएससीच्या नियमाप्रमाणे ते खरेच आहे. तरीही मी पाच वर्षांच्या कायद्याचा आग्रह धरतो, कारण विदेश सेवेत जागा कमी असतात. अलीकडच्या वर्षांत साधारण तीस ते पंचावन्न जागा भरल्या गेल्या आहेत, त्याही सगळ्या देशासाठी. एवढ्या कमी जागांसाठी तयारी करताना यश आले नाही तरी हातात काहीतरी ठोस हवे. कायद्याची पदवी असली की वकिली आहे, न्यायाधीश परीक्षा आहे, एलएलएम म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी आहे, कायदा अधिकाऱ्याची भरती आहे. वर्षे वाया जात नाहीत.

क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा डिसेंबरात होते. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि सगळा पेपर इंग्रजी उतारे वाचून सोडवण्याचा. मराठी माध्यमाच्या मुलांना घाम फुटतो तो इथेच. अकरावीपासून रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहिला तर दोन वर्षांत ही भीती जाते. त्याला पर्याय मला माहीत नाही.

आपल्या भागातल्या पालकांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट: बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये २५ टक्के जागा अशा विद्यार्थ्यांसाठी असतात ज्यांनी कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळेत किमान दहा वर्षे शिक्षण घेतले आहे. तुम्ही कोणत्या भाषेच्या माध्यमातून शिकलात याच्याशी त्याचा संबंध नाही. येळ्ळूरच्या मराठी शाळेत पहिली ते दहावी शिकलेला मुलगाही त्यात बसतो, अकरावी-बारावी कोल्हापूरला केली असली तरीही. शाळेचे दाखले नीट जपून ठेवा आणि त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका वाचून अर्जात तो रकाना भरा.

क्लॅट जमली नाही तर बेळगावातच राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. १९३९ पासून चालणारे, हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाला जोडलेले. भारताचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या या कॉलेजात शिकले होते. घरी राहून, कमी खर्चात पदवी होते आणि उरलेला पैसा पुढे एलएलएम किंवा दिल्लीत राहून तयारी करायच्या एका वर्षासाठी ठेवता येतो. मध्यम परिस्थितीतल्या घराला हा हिशेब जास्त शहाणपणाचा वाटतो आणि मलाही तो पटतो. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद असते. पुण्याचे आयएलएस लॉ कॉलेज डोक्यात असेल तर ती तरतूद आपल्या अभ्यासक्रमाला लागू आहे का आणि तिला कोणता दाखला लागतो, हे अर्ज भरायच्या आधी बघून घ्या. असा दाखला काढायला वेळ लागतो.

दुसरी पायरी: घरचा विषय निवडा आणि त्याची फाईल उघडा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे थोडा जास्त वेळ थांबू.

दिल्ली-मुंबईच्या मुलांकडे इंग्रजी असते, ओळखी असतात, परदेशातल्या उन्हाळी शिबिरांची प्रमाणपत्रे असतात. आपल्याकडे नसते ते रडत बसण्यापेक्षा आपल्याकडे जे आहे ते बघा. आपल्या जिल्ह्यात ऊस आहे, तंबाखू आहे, चामड्याचा धंदा आहे, तीन राज्यांत वाटल्या गेलेल्या नद्या आहेत. या प्रत्येकावर आंतरराष्ट्रीय कायद्याचे एखादे कलम टेकलेले आहे. असा एक विषय घ्या आणि तीन-चार वर्षे धरून ठेवा. मुलाखतीत, शिष्यवृत्तीच्या अर्जात, एलएलएमच्या प्रबंधात तो तुमच्यासाठी बोलेल.

उदाहरणादाखल कोल्हापुरी चपलेची फाईल उघडू. २०१८-१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारे संरक्षण, मिळाले. ते फक्त कोल्हापूरला नाही, तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना. मानांकनाची नोंद महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकाच्या लिडकर या दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे. दोन राज्ये इतर बाबतींत कोर्टात भांडत असताना या एका वस्तूवर एकत्र सही करतात, ही गोष्टच राजनैतिक अभ्यासाची आहे.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशी चप्पल दाखवली. आधी कोल्हापूरचे नाव घेतले नाही, ओरड झाल्यावर घेतले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकाकर्ते नाहीत या मुद्द्यावर ती जुलैमध्ये फेटाळली गेली. डिसेंबरात प्राडाने लिडकॉम-लिडकरबरोबर सामंजस्य करार केला.

आता फाईलमध्ये हे प्रश्न लिहा. मानांकनाचा आपला १९९९ चा कायदा भारतात लागू, मग इटलीत काय? बौद्धिक संपदेच्या ट्रिप्स करारात कलम २२ सर्व मालाला संरक्षण देते, पण ग्राहकाची दिशाभूल झाली तरच. कलम २३ त्याहून कडक आहे, दिशाभूल झाली नसली तरी नाव वापरता येत नाही, पण ते फक्त वाइन आणि मद्याला लागू. म्हणजे फ्रान्सच्या शॅम्पेनला जे कवच आहे ते अथणीच्या चपलेला नाही. ते मिळावे म्हणून भारत आणि इतर काही देश जागतिक व्यापार संघटनेत कित्येक वर्षे मागणी करत आहेत. मानांकनाची आंतरराष्ट्रीय नोंदणी करणाऱ्या लिस्बन व्यवस्थेत भारत नाही. जावे की नाही? गेलो तर काय मिळेल, काय द्यावे लागेल? ही खऱ्या वाटाघाटीची प्रश्नपत्रिका आहे.

फाईल अशी करा. पहिल्या भागात करारातली मूळ कलमे, इंग्रजीतच. दुसऱ्या भागात भारताचा कायदा आणि न्यायालयांचे निकाल. तिसऱ्या भागात जमिनीवरची माहिती: अथणी किंवा निपाणीच्या कारागिराला एका जोडीमागे काय सुटते, कातडे कुठून येते, ते कमावताना कोणती साल वापरतात, मुले धंद्यात उरली आहेत का, अधिकृत वापरकर्ता म्हणून कोणाची नोंद झाली आहे का. हा तिसरा भाग दिल्लीत बसून कोणाला लिहिता येत नाही. तुम्हाला शनिवारी बसने जाऊन, मराठी-कन्नडमध्ये बोलून तो मिळतो. चौथ्या भागात तुमची शिफारस, एका पानात. मंत्रालयात टिपण असेच लिहितात: मुद्दा, पार्श्वभूमी, पर्याय, शिफारस.

निपाणीच्या मुलांनी तंबाखू घ्यावा. १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्यातले कलम १७ सांगते की तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि त्यातल्या कामगारांना परवडणारे पर्याय मिळावेत यासाठी देशांनी प्रयत्न करावेत. करार झाल्यावर आपल्या विडी कामगार बायकांना कोणता पर्याय मिळाला? कायदा आणि विकास एकमेकांत मिसळलेले बघायचे असतील तर याहून जवळचा विषय नाही.

खानापूरच्या मुलांसाठी म्हादई आहे. कणकुंबीच्या कळसा नाल्यावरून कर्नाटक आणि गोवा भांडतात, लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. तो आंतरराज्य वाद आहे, आंतरराष्ट्रीय नव्हे. पण न्याय्य वाटप आणि खालच्या अंगाच्या लोकांना मोठी हानी होऊ न देणे, ही तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या १९९७ च्या जलप्रवाह करारातही आहेत. त्या करारावर मतदानाच्या वेळी भारत तटस्थ राहिला. का राहिला, ते शोधा. सिंधू करार समजायला मदत होईल.

एक इशारा देतो. सीमाप्रश्नावर प्रत्येक घरात तीव्र मते आहेत आणि ती असणे स्वाभाविक आहे. पण या क्षेत्रात शिरायचे तर समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा तिच्या वकिलाइतक्या ताकदीने मांडता आला पाहिजे. महाराष्ट्राने २००४ मध्ये घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अभ्यासा, आणि मग कर्नाटकाच्या बाजूने दोन पाने युक्तिवाद लिहा. जड जाईल. पण लिहा.

तिसरी पायरी: भाषा

मराठी घरची, कन्नड शाळेतली आणि बाजारातली, हिंदी कानावरची, इंग्रजी पुस्तकातली. चार भाषांत वावरणारे मूल ही सीमाभागातली नेहमीची गोष्ट आहे, आणि या पेशात तिचे मोल मोठे आहे. कन्नड टाळू नका. बोलण्याबरोबर ती लिहिता-वाचताही यायला हवी. कर्नाटकातल्या गावात विकासाचे काम करायचे, सरकारी कागद वाचायचे, तर तिच्यावाचून चालत नाही.

परकी भाषा एकच घ्या आणि खोल जा. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत चालते, म्हणून कायद्याकडे ओढा असेल तर फ्रेंच. पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेजचे वर्ग आहेत. बी-टू, म्हणजे सफाईने बोलता-लिहिता येण्याच्या, पातळीपर्यंत गेल्याशिवाय तिचा नोकरीत उपयोग नाही, आणि त्याला दोन-तीन वर्षे लागतात.

विकासाच्या कामाकडे ओढा असेल तर माझी सूचना वेगळी आहे: पोर्तुगीज. चोर्ला घाट उतरला की गोवा. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, पणजीत पोर्तुगालच्या कामोंइश संस्थेचे भाषा केंद्र आहे. ब्राझील, मोझांबिक, अंगोला इथे ती चालते. मोझांबिकला भारताने विकासासाठी कर्जे दिली आहेत, आणि ब्राझील हा साखरेच्या खटल्यातला आपला प्रतिपक्ष. भारतात फ्रेंच जाणणारे पुष्कळ मिळतात, पोर्तुगीज जाणणारा कायदेतज्ज्ञ क्वचित.

चौथी पायरी: कॉलेजातली पाच वर्षे

मूट कोर्ट करा. जेसप ही आंतरराष्ट्रीय कायद्याची सर्वांत मोठी अभिरूप न्यायालय स्पर्धा. तिचे काल्पनिक प्रकरण साधारण सप्टेंबरात जाहीर होते, दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद लिहावे लागतात, भारतात फेऱ्या होतात आणि अंतिम फेरी वॉशिंग्टनला. कॉलेजचा संघ जात नसेल तर प्राध्यापकांच्या मागे लागून उभा करा. पहिल्या वर्षी बाहेर पडलात तरी लेखी युक्तिवाद लिहिण्याची सवय लागते, आणि ती पुढे उपयोगी पडते.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृक्-श्राव्य ग्रंथालयात जगातल्या नामवंत न्यायाधीशांची आणि प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. गावात नेटवर्क कमी असेल तर नुसता आवाज उतरवून घ्या आणि बसमध्ये ऐका. दिल्लीतल्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ या १९५९ सालच्या संस्थेचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहेत. हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीचे उन्हाळी वर्ग होतात आणि त्यांना शिष्यवृत्त्याही असतात. पदवीच्या शेवटी अर्ज करून बघा.

घटनेची दोन कलमे पाठ असू द्या: ५१, जे आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखायला सांगते, आणि २५३, ज्यामुळे करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. शेती राज्याचा विषय असूनही जिनिव्हाचा निर्णय आपल्या बांधापर्यंत कसा पोहोचू शकतो, याचे उत्तर २५३ मध्ये आहे.

पाचवी पायरी: यूपीएससी

विदेश सेवेला वेगळी परीक्षा नाही. नागरी सेवा परीक्षेतूनच जावे लागते आणि पसंतिक्रमात विदेश सेवा वर लिहावी लागते. पूर्वपरीक्षेत दोन पेपर, त्यातला दुसरा ३३ टक्के मिळवून फक्त पात्र होण्यापुरता. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची, एकूण २०२५. याशिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी असे प्रत्येकी ३०० गुणांचे दोन पेपर, ज्यांत २५ टक्के लागतात आणि ते गुण मोजत नाहीत. भारतीय भाषा म्हणून मराठी घेता येते.

मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते. पण प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच येतात, पूर्वपरीक्षेच्याही. ज्याला मराठीत विचार स्पष्ट मांडता येतो आणि इंग्रजी प्रश्न नीट समजतो, त्याने बिनधास्त मराठीत लिहावे. मात्र कायदा वैकल्पिक विषय असेल तर माझा कल इंग्रजीकडे आहे. निकाल, कलमे, संज्ञा सगळ्या इंग्रजीत वाचलेल्या असतात आणि परीक्षेच्या तीन तासांत त्यांचे मराठी करत बसणे महागात पडते.

वैकल्पिक विषय कायदा घेतला तर पहिल्या पेपरचा अर्धा भाग आंतरराष्ट्रीय कायद्याचाच असतो: राज्यांना मान्यता, समुद्र कायदा, प्रत्यार्पण आणि आश्रय, करार, संयुक्त राष्ट्रे, वाद मिटवण्याचे मार्ग, मानवी हक्क, जागतिक व्यापार संघटना. तुमच्या फाईलमधले ऊस, चप्पल, तंबाखू, सगळे इथे उत्तरांत येते.

वयाची अट सर्वसाधारण गटाला ३२ वर्षे आणि सहा प्रयत्न, ओबीसींना ३५ वर्षे आणि नऊ प्रयत्न, अनुसूचित जाती-जमातींना ३७ वर्षे, प्रयत्नांना मर्यादा नाही.

दाखल्यांचे लक्षपूर्वक वाचा, कारण सीमाभागात इथे फार घोळ होतो. कर्नाटकाच्या यादीतले २अ, ३अ, ३ब हे प्रवर्ग यूपीएससीत चालत नाहीत. तिथे केंद्राची ओबीसी यादी लागते आणि ती राज्यवार असते. तुमची जात महाराष्ट्राच्या केंद्रीय यादीत असेल पण कर्नाटकाच्या केंद्रीय यादीत नसेल, तर बेळगावच्या रहिवाशाला तिचा उपयोग नाही. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर कर्नाटकाची यादी उघडून स्वतः खात्री करा. नाव नसेल आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळू शकतो, पण त्यात वयाची सवलत नाही. दुसरे, नावाचे स्पेलिंग. दहावीच्या गुणपत्रिकेत एक, आधारवर दुसरे, कन्नडमधून इंग्रजीत उतरवलेल्या उताऱ्यावर तिसरे, असे आपल्याकडे सर्रास आढळते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकी सगळे कागद पदवीच्या पहिल्या वर्षातच तिच्याशी जुळवून घ्या.

निवड झाल्यावर

मसुरीला पायाभूत प्रशिक्षण, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था. एक परकी भाषा सक्तीची असते, ती शिकायला त्या देशातल्या किंवा भाषेच्या प्रदेशातल्या दूतावासात तृतीय सचिव म्हणून जावे लागते. पुढे द्वितीय, प्रथम सचिव, कौन्सेलर, मिनिस्टर, राजदूत. दर तीन वर्षांनी बदली, मध्ये दिल्ली. सुरुवातीचा मूळ पगार महिना ५६,१०० रुपये, परदेशात असताना वेगळा भत्ता. विकासाच्या कामासाठी मंत्रालयात २०१२ पासून विकास भागीदारी प्रशासन आहे. दुसऱ्या देशांतले पूल, पाणी योजना, रुग्णालये यांसाठीची कर्जे आणि अनुदाने, शिवाय १९६४ पासूनचा आयटेक प्रशिक्षण कार्यक्रम तिथून चालतो.

मराठी शाळेतला मुलगा तिथे टिकतो का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. ज्ञानेश्वर मुळे निपाणी-चिकोडीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे. १९८३ मध्ये विदेश सेवेत गेले, न्यूयॉर्कला महावाणिज्य दूत झाले, परराष्ट्र मंत्रालयात सचिव म्हणून निवृत्त झाले. मुलींच्या पालकांनी कोडगूच्या सी. बी. मुथम्मा यांच्याविषयी वाचावे. विदेश सेवेतल्या त्या पहिल्या महिला. बढती डावलली म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. महिला अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यायला लावणाऱ्या नियमांवर न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९७९ च्या निकालात कडक ताशेरे ओढले. आज जाणाऱ्या मुलीला तो अडथळा नाही.

बाकीची दारे

कायदा व करार विभागातली पदे यूपीएससीच्या थेट भरतीतून निघतात. जागा मोजक्या, जाहिरात कधी येईल सांगता येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यातली एलएलएम सहसा लागते, तिच्यासाठी दिल्लीचे साऊथ एशियन विद्यापीठ किंवा राष्ट्रीय विधी विद्यापीठांची एक वर्षाची पदवी बघा. समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणावर २०१७ मध्ये निवडून गेलेल्या न्यायमूर्ती नीरू चढ्ढा याच विभागातून वर आल्या.

एसएससी म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येते. वयोमर्यादा ३०. या मार्गाने गेलेल्यांनाही दूतावासांत नेमणूक मिळते आणि बढतीने वर जाता येते. घरची जबाबदारी असलेल्या मुलांनी याला कमी लेखू नये.

संयुक्त राष्ट्रांत बहुतेक पदांना पदव्युत्तर पदवी आणि अनुभव लागतो: पी-टू श्रेणीला दोन वर्षे, पी-थ्रीला पाच. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम ३२ वर्षांपर्यंतच्यांसाठी असतो, पण ज्या देशांचे कर्मचारी कमी आहेत त्यांचीच नावे त्या वर्षीच्या यादीत असतात. भारताचे नाव आहे का ते दरवर्षी पाहावे लागते. सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते, न्यूयॉर्क-जिनिव्हाचा खर्च आपल्या घरांना झेपणारा नाही. त्यापेक्षा युनिसेफ किंवा आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) सारख्या विद्यावेतन देणाऱ्या संस्था आणि त्यांची भारतातली कार्यालये गाठा. युनिसेफचे हैदराबादचे कार्यालय कर्नाटकाचेही काम पाहते. यूएन व्हॉलंटियर हाही चांगला मार्ग, त्यात निर्वाह भत्ता मिळतो. व्यापार कायद्यासाठी दिल्लीचे डब्ल्यूटीओ अध्ययन केंद्र, आशिया-आफ्रिकेच्या देशांसाठी दिल्लीतच मुख्यालय असलेली आल्को ही कायदाविषयक सल्लागार संस्था. विकासाच्या अभ्यासाला टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ.

परदेशी शिक्षणासाठी युरोपची इरास्मस मुंडस, दोन वर्षांच्या नोकरीच्या अनुभवानंतर ब्रिटनची चेव्हनिंग, आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. बहुतेक अर्ज वर्षभर आधी भरावे लागतात.

वयाचा हिशेब कागदावर मांडा. २३ व्या वर्षी पदवी, २३ ते २६ यूपीएससीचे पूर्ण वेळ प्रयत्न, त्यानंतर एलएलएम किंवा नोकरी आणि सोबत उरलेले प्रयत्न. २६ नंतर घरी बसून फक्त परीक्षा देत राहणे मी कोणालाही सुचवत नाही. त्या वयात बेळगावच्या जिल्हा न्यायालयात उभे राहून, कामगारांचे किंवा शेतकऱ्यांचे खटले चालवून मिळणारा दोन-तीन वर्षांचा अनुभव संयुक्त राष्ट्रांच्या अर्जात मोजला जातो. यूपीएससी, एसएससी, क्लॅट पदव्युत्तर आणि संयुक्त राष्ट्रांचे नोकरीचे पान, ही चार संकेतस्थळे दर महिन्याच्या एक तारखेला उघडायची आणि नव्या जाहिरातींच्या अंतिम तारखा फाईलच्या पहिल्या पानावर लिहायच्या.